'होतं' दिसलं की प्ल्युस-क-पार्फे?

तुम्ही लिहिलंय की बी-वनची, म्हणजे फ्रेंचच्या मधल्या पातळीच्या परीक्षेची, तयारी चालू आहे, प्ल्युस-क-पार्फेची, म्हणजे भूतकाळाच्याही आधीचं सांगणाऱ्या फ्रेंच काळाची, सगळी रूपं पाठ आहेत, आणि तरी वहीत लाल शाई. मे महिन्यातल्या सहलीवर तुम्ही आधी मराठीत पाच वाक्यं लिहिलीत आणि मग ती फ्रेंचमध्ये नेलीत:

"मागच्या मे महिन्यात आम्ही दिवेआगरला गेलो होतो. बाबांनी गाडी चालवली होती. समुद्रावर खूप मजा आली होती. आजी वाळूत बसली होती. रात्री उशिरा हॉटेलवर परत आलो तेव्हा आचारी निघून गेला होता."

पाचही ठिकाणी तुम्ही प्ल्युस-क-पार्फे वापरला. बाईंनी पहिल्या चारांवर रेघ मारली आणि पाचव्यावर 'त्रे बियँ', खूप छान, लिहिलं. तुमचं म्हणणं, "पाचही वाक्यांत 'होतं' आहे, पाचही पूर्ण भूतकाळ. मग एकच बरोबर कसं?"

हा प्रश्न रूपांचा नाही. बावीस वर्षं फ्रेंच शिकवतेय, आणि मराठी घरातून आलेली बहुतेक मुलं इथेच घसरतात. त्यांचं फ्रेंच कच्चं नसतं. मराठीतलं 'होतं' तीन-चार वेगवेगळी कामं करतं आणि आपल्याला ते कधी जाणवतच नाही. फ्रेंचने ती कामं वेगवेगळ्या काळांना वाटून दिली आहेत, इतकंच.

(फ्रेंच इथे देवनागरीत लिहितेय, उच्चार जवळपासचे समजा. नावातला 'स' मात्र म्हणायचा: प्ल्युस-क-पार्फे. अर्थ 'पूर्णाहूनही अधिक पूर्ण', लॅटिनमधून आलेला.)

रूपं आधी उरकून टाकू, कारण तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन आणखी कोणी हे वाचत असेल. आव्हुआर (जवळ असणे) किंवा एत्र (असणे) या सहायक क्रियापदाचं अँपार्फे, म्हणजे चालू स्थितीचा किंवा सवयीचा भूतकाळ, घ्यायचं आणि पुढे मुख्य क्रियापदाचं पार्तिसिप पासे, म्हणजे 'केलेलं', 'गेलेलं' अशा अर्थाचं रूप, ठेवायचं. ज्याला पासे कोंपोझे, म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीचा साधा भूतकाळ, येतो त्याला नवीन काही शिकायचंच नाही. 'जे पार्ले' मधला 'जे' काढून 'जाव्हे' ठेवला की झालं 'जाव्हे पार्ले', मी बोललो होतो. (दर वर्षी वर्गात कोणीतरी 'जावे पार्ले, उतरावे स्टेशनला' म्हणून हशा पिकवतं. पिकवू द्यावा. रूप जन्मभर लक्षात राहतं.) एत्रवाल्यांचंही तसंच: 'ज स्वी पार्ती', मी निघालो, 'जेते पार्ती', मी निघालो होतो. नकार सहायकाच्या दोन्ही बाजूंना, 'ज नाव्हे पा माँजे'. 'देजा', 'जामे' ही मंडळी सहायक आणि पार्तिसिप यांच्या मध्ये बसतात.

लिहिताना पाच वेगवेगळे शेवट, पण कानाला मात्र 'मी', 'तू', 'तो' आणि 'ते' या चौघांचा 'आव्हे' एकच. 'तो' आणि 'ते' यांतला फरक फक्त जोडून बोलण्यात ऐकू येतो: 'इल आव्हे' म्हणजे तो, 'इल झाव्हे' म्हणजे ते. ऐकण्याच्या पेपरात यावर जरूर लक्ष ठेवा. 'जे' आणि 'जाव्हे' यांची गल्लत तर अर्थच फिरवते, आणि फ्रेंच माणूस भरभर बोलताना तो 'आव्हे' जेमतेम श्वासाएवढा उरतो.

आव्हुआर घ्यायचं की एत्र, यासाठी वर्गात 'डॉक्टर अँड मिसेस व्हँडरट्रँप' शिकवतात, एत्र घेणाऱ्या क्रियापदांची आद्याक्षरं जोडून केलेलं नाव. शिकवोत बापडे. मी मराठीतल्या एका सोयीवर भिस्त ठेवते. देसाँद्र, मोंते, सोर्तीर अशी काही क्रियापदं दोन्ही सहायक घेतात, आणि तिथे आपल्याकडे चक्क दोन वेगळी क्रियापदं असतात. उतरणे आणि उतरवणे. 'ती उतरली होती' म्हणजे 'एल एते देसाँद्यु', एत्र. 'तिने बॅग उतरवली होती' म्हणजे 'एल आव्हे देसाँद्यु ला व्हालीझ', आव्हुआर. चढणे-चढवणे, निघणे-काढणे, सगळं याच साच्यात. कर्म आलं आणि मराठीत 'ने' लागला की आव्हुआर. उलटा नियम मात्र करू नका. धावणे, झोपणे, चालणे यांना मराठीत 'ने' लागत नाही, आणि फ्रेंचमध्ये ती तरीही आव्हुआरच घेतात: 'जाव्हे कूर्यु', 'जाव्हे दोर्मी'.

पार्तिसिपच्या लिंगवचनाचं प्रकरण आपल्याला इंग्रजी माध्यमातल्या मुलांपेक्षा सोपं जायला हवं. 'ती गेली होती' मध्ये क्रियापद कर्त्याच्या मागे जातं, 'मी चिठ्ठी लिहिली होती' मध्ये कर्माच्या. कर्तरी आणि कर्मणी आपण पाचवीपासून घोटतो. फ्रेंच एत्र बहुतेक वेळा कर्तरीसारखं वागतं, 'एल एते पार्ती' लिहिताना शेवटी एक जादा ई. आव्हुआर कर्मणीसारखं वागतं, पण आळशी कर्मणी. कर्म आधी येऊन गेलं असेल तरच ते त्याच्याकडे बघतं. 'जाव्हे एक्री ला लेत्र' मध्ये काही बदल नाही. 'ला लेत्र क जाव्हे एक्रीत' मध्ये लेत्र आधी आली, ती स्त्रीलिंगी, म्हणून 'एक्री'चं 'एक्रीत' झालं, आणि इथे तो फरक कानालाही कळतो. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियनचा दाखला देत हा नियम पद्यात सांगितला, आणि तेव्हापासून फ्रेंच मुलंही त्याच्या नावाने खडे फोडत असणार.

आता तुमच्या पाच वाक्यांकडे.

वर्गात मी फळ्यावर एक खुंटी काढते. प्ल्युस-क-पार्फे हा टांगायचा काळ आहे, तो आपल्या पायांवर उभा राहत नाही. भूतकाळात आधी एक खुंटी ठोकलेली असावी लागते, आणि हा काळ सांगतो की अमुक गोष्ट त्या खुंटीच्याही आधी घडून गेली होती. म्हणून प्रत्येक 'होतं'ला एकच प्रश्न विचारायचा: कशाच्या आधी?

पाचवं वाक्य. आचारी निघून गेला होता. कशाच्या आधी? आम्ही परत आलो त्याच्या आधी. खुंटी त्याच वाक्यात ठोकलेली आहे. 'काँ नू सोम राँत्रे, ल क्वीझिन्ये एते पार्ती.' मराठी आणि फ्रेंच इथे हातात हात घालून चालतात. आणि फरक किती मोठा आहे बघा. याच वाक्यात पासे कोंपोझेतलं 'ए पार्ती' लिहिलं असतं, तर आम्ही पोचलो आणि आम्हाला बघून आचारी पळाला, असं झालं असतं.

पहिलं वाक्य. दिवेआगरला गेलो होतो. कशाच्या आधी? कशाच्याच नाही. मराठीत हे 'होतो' एवढंच सांगतं की गेलो, परत आलो, प्रकरण संपलं. 'काल सिनेमाला गेलो होतो', 'सकाळी बँकेत गेले होते', 'तो आला होता का?' ही आपली रोजची भाषा आहे, नुसतं 'काल सिनेमाला गेलो' म्हटलं तर उलट पुढचं काहीतरी ऐकायची उत्सुकता लागते. फ्रेंचमध्ये बरोबर उलटं. मी पहिल्यांदा फ्रान्सला गेले होते (पाहा, मीसुद्धा!) तेव्हा ज्यांच्या घरी राहत होते त्या आजोबांना नाश्त्याच्या टेबलावर ऐटीत सांगितलं, 'इयेर, जेते आले ओ मार्शे.' काल मी बाजारात गेले होते. आजोबांनी कॉफीचा बोल तोंडाशी नेता नेता थांबवला आणि माझ्याकडे बघत राहिले. मीही त्यांच्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, 'ए आलोर?' मग, पुढे काय? त्यांच्या लेखी मी खुंटीशिवाय कोट टांगला होता, आणि ते खुंटीची वाट बघत होते. 'ज स्वी आले ओ मार्शे' म्हटलं असतं तर मान डोलावून कॉफी प्यायले असते.

तेव्हा पहिली तीन वाक्यं सरळ पासे कोंपोझेत: 'नू सोम आले', 'मों पेर आ कोंद्वी', 'ओं से बियँ आम्युझे'. एकामागून एक घडलेल्या गोष्टी घडल्या त्या क्रमाने सांगताना प्ल्युस-क-पार्फे लागत नाही.

चौथं वाक्य माझ्या आवडीचं, कारण त्याचा सापळा सगळ्यात सुबक आहे. 'आजी वाळूत बसली होती.' तुम्ही लिहिलंत 'मा ग्राँ-मेर सेते आसीझ', म्हणजे व्याकरणाने निर्दोष प्ल्युस-क-पार्फे. पण त्याचा अर्थ आजीने बसण्याची क्रिया आधीच उरकली होती. तुम्हाला तर दाखवायचं होतं की तुम्ही लाटांत खेळताय आणि आजी तिकडे बसलेली आहे. ही स्थिती आहे, आणि स्थितीला फ्रेंच अँपार्फे वापरतं: 'मा ग्राँ-मेर एते आसीझ स्युर ल साब्ल'. फरक त्या एका 'स'चा.

मराठीत बसणे, झोपणे, उभं राहणे, नेसणे, घालणे ही क्रियापदं 'होतं' लागलं की चालू स्थिती दाखवतात. 'मी आलो तेव्हा आई झोपली होती.' हे शब्दशः नेलंत, 'मामाँ आव्हे दोर्मी', तर फ्रेंच माणसाला कळेल की आईची झोप झाली होती, ती ताजीतवानी होती. तुम्ही मात्र पाय न वाजवता आत आला होतात. तिथे हवं 'मामाँ दोर्मे'. तसंच 'त्याने चष्मा घातला होता' म्हणजे 'इल पोर्ते दे ल्युनेत', आणि 'ती नऊवारी नेसली होती' यालाही तेच पोर्ते क्रियापद, तोच अँपार्फे. स्वतःला विचारा: त्या क्षणी फोटो काढला असता तर हे फोटोत दिसलं असतं का? आजी वाळूत बसलेली दिसते, चष्मा दिसतो, झोपलेली आई दिसते. मग अँपार्फे. आचारी फोटोत नाही, तो घरी पोचलाय.

इथवर 'होतं' असून प्ल्युस-क-पार्फे नसलेल्या जागा झाल्या. याची दुसरी बाजू पुस्तकात सहसा सापडत नाही, कारण पुस्तकं मराठी माणसासाठी लिहिलेली नसतात. मराठीत 'होतं'चा मागमूस नसतो आणि फ्रेंचला मात्र प्ल्युस-क-पार्फेच लागतो, अशा जागा. एकीकडे आपण हा काळ नको तिथे उधळतो आणि जिथे हवा तिथे विसरतो.

पहिली जागा आपल्या 'लेला-लेली-लेलं'ची. 'तू दिलेलं पुस्तक मी वाचलं.' कुठे आहे 'होतं'? नाही. पण देणं वाचण्याच्या आधीचं आहे, म्हणून 'जे ल्यु ल लिव्र क त्यु माव्हे दोने'. 'आजीने सांगितलेली गोष्ट मी मुलांना सांगितली', 'हरवलेली छत्री सापडली', 'आईने करून ठेवलेले लाडू संपले'. या प्रत्येक 'लेल्या'च्या पोटात एक प्ल्युस-क-पार्फे दडलेला आहे, आणि मुख्य क्रियापद भूतकाळात असलं की तो बाहेर काढावा लागतो. माझ्या अनुभवात हा काळ सगळ्यात जास्त 'क' या जोडशब्दाच्या मागेच भेटतो.

दुसरी जागा, दुसऱ्याचं बोलणं सांगताना. 'तो म्हणाला की किल्ल्या हरवल्या.' मराठी भाषा त्याचे शब्द आहेत तसे उचलून ठेवते, काळ बदलत नाही. फ्रेंच बदलतं: 'इल आ दी किल आव्हे पेर्द्यु से क्ले'. म्हणणं भूतकाळात, म्हणजे खुंटी ठोकली गेली, हरवणं त्याच्या आधी. 'मला वाटलं तू गेलास' हेही याच घरातलं: 'ज क्रुआये क त्यु एते पार्ती'. 'तो म्हणतो' असं वर्तमानात असेल तर बदल नाही.

तिसरी जागा जर-तरची. 'मला माहीत असतं तर मी आले नसते.' मराठीत दोन्हीकडे 'असतं', 'नसते', एकाच जातीची रूपं. म्हणून आपण फ्रेंचमध्येही दोन्हीकडे कोंदिस्योनेल, म्हणजे 'तर'च्या बाजूचं रूप, घालतो, आणि तिथेच मार्क जातात. 'सी'च्या, म्हणजे 'जर'च्या, बाजूला प्ल्युस-क-पार्फे, दुसऱ्या बाजूला कोंदिस्योनेल पासे, त्याच रूपाचा भूतकाळ: 'सी जाव्हे स्यु, ज न सरे पा व्हन्यु'. ही चूक फ्रेंच पोरंही करतात, म्हणून त्यांना शिकवतात, 'ले सी नेम पा ले रे', सीला 'रे'चे, म्हणजे कोंदिस्योनेलचे, शेवट आवडत नाहीत. त्यात कोटी अशी की 'सी' म्हणजे करवतही आणि 'रे' म्हणजे पाकट मासाही. नुसती हळहळ असेल तर दुसरी बाजू गाळतात, 'सी स्योलमाँ जाव्हे एकूते!' ऐकलं असतं तर! मराठीतही आपण 'तर' वरच थांबतो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुमचं पहिलं वाक्य चुकीचं ठरलं ते तुमच्या परिच्छेदात. तुम्ही लिहिलं असतंत की 'मागच्या वर्षी दिवेआगरला गेलो होतो, म्हणून या मेमध्ये आम्ही तारकर्ली निवडली', तर निवडणं ही खुंटी झाली असती आणि 'नू झेतियों आले' अगदी चाललं असतं. म्हणजे एकटं वाक्य समोर ठेवून 'इथे कुठला काळ?' असं विचारलंत तर मीही खात्रीने सांगणार नाही. आजूबाजूची दोन वाक्यं दाखवा म्हणेन.

कधी कधी खुंटी बोलली जात नाही, तरी ती दोघांनाही दिसत असते. दूध उतू गेल्यावर आई म्हणते, 'सांगितलं होतं ना तुला!' फ्रेंच आईही तेच म्हणते, 'ज त लाव्हे दी!' खुंटी म्हणजे ओट्यावरून ओघळणारं दूध. 'आठला भेटायचं ठरलं होतं ना?' मध्ये खुंटी म्हणजे समोर उभा असलेला, पाऊण तास उशिरा आलेला माणूस. अशा वाक्यांत मराठी कानावर बिनधास्त विश्वास ठेवा.

सवयीच्या गोष्टीही सांगून ठेवते, कारण बी-वनमध्ये 'माझं बालपण' हमखास लिहावं लागतं. 'जेवण झालं की आजोबा वामकुक्षी घ्यायचे.' 'घ्यायचे' हा अँपार्फे, आणि त्याआधी रोज उरकणारं जेवण प्ल्युस-क-पार्फेत: 'काँ तिल आव्हे माँजे, इल फझे यून सियेस्त'. कथा-कादंबऱ्यांत याच्या शेजारी पासे आँतेरियर नावाचा एक चुलतभाऊ दिसेल. तो वाचताना ओळखता आला की पुरे, लिहायच्या फंदात पडू नका.

तयारीसाठी तुमच्या पद्धतीत एकच बदल सुचवते. आधी मराठीत लिहायची सवय लगेच सोडा असं म्हणणार नाही, बी-वनला ती सुटत नाही हे मला माहीत आहे. पण मराठी मसुदा झाला की पेन्सिल घ्या. प्रत्येक 'होतं'खाली रेघ मारून 'कशाच्या आधी?' विचारा. उत्तर मिळालं नाही तर 'फोटोत दिसेल का?' विचारा. मग दुसऱ्या रंगाने प्रत्येक 'लेलं'ला, प्रत्येक 'म्हणाला'ला आणि प्रत्येक 'असतं तर'ला गोल करा. गोल केलेल्या जागी आधी प्ल्युस-क-पार्फेचाच विचार करायचा, रेघा मारलेल्या जागी सगळ्यात शेवटी. महिनाभर केलंत की पेन्सिल आपोआप गळून पडते.

आणि चौथ्या वाक्याबद्दल बाईंना भेटायला जाल तेव्हा दारात उभं राहून आपण मराठीत काय म्हणतो ते आठवा. समोर उभे असतो, तरी म्हणतो, 'जरा एक विचारायला आलो होतो.' आलोय, पण अदबीने स्वतःला जरा मागे सरकवतो. फ्रेंचमध्येही अदबीसाठी हाच काळ चालतो: 'जेते व्हन्यु व्हू दमाँदे अँ पती सेर्व्हीस.' इथे कशाच्या आधी, असं कोणी विचारत नाही.